कोरड्या महिन्यांची देणगी

सह्याद्रीची गणना जगातल्या सर्वांत संपन्न जैवविविधतेच्या प्रदेशांत होते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यांतली महाराष्ट्रातली. झाडे, वेली, बेडूक, मासे, कीटक यांच्या कितीतरी जाती या डोंगररांगेबाहेर जगात कुठेच आढळत नाहीत. असे असताना आपल्या रोजच्या ताटाकडे पाहिले की एक गोष्ट खटकते. ज्वारी-बाजरी आफ्रिकेतून आली. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातले. तांदळाची मुळे चीनच्या यांगत्से खोऱ्यात आणि आपल्या गंगेच्या मैदानात. तूर ओडिशा-बस्तरकडची. मका आणि मिरची मेक्सिकोतली, बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. सह्याद्रीच्या सदाहरित रानाने आपल्याला मिरी दिली, वेलची दिली, फणस दिला. जेवणाला चव आली ती या रानामुळे, पण कोठारात भरून ठेवावे असे धान्य काही त्याने दिले नाही. निसर्गाचा हात जिथे सर्वांत सढळ, तिथेच शेतीही जन्मली असणार, असे आपल्याला सहज वाटते. पुरावा मात्र उलट दिशेला बोट दाखवतो. शेती जन्मली ती बहुतेक ठिकाणी हिरव्यागार रानाच्या पोटात नव्हे, तर त्याच्या कोरड्या काठावर. आणि तिथे ती का जन्मली याचे उत्तर पावसात जेवढे आहे त्याहून अधिक पावसाच्या गैरहजेरीत आहे.

सह्याद्री हे समजावून द्यायला अगदी योग्य ठिकाण आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. या फरकाबद्दल आपण शाळेत शिकलेले असतो. पण वनस्पतींच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा फरक उत्तर-दक्षिण आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने कोरडे जातात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरला की परतीचा पाऊस येतो, मधे वळवाच्या सरीही पडतात. महाबळेश्वरला पाऊस प्रचंड, पण तो सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेले सात-आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. याचा परिणाम रानावर स्पष्ट दिसतो. फक्त पश्चिम घाटातच आढळणाऱ्या सदाहरित वृक्षजातींची सर्वाधिक गर्दी दक्षिण टोकाला आहे, आणि उत्तरेकडे यावे तसे त्या एकेक करून गळत जातात. म्हणून एकूण पाऊस किती पडला हा आकडा रानाबद्दल थोडेच सांगतो. किती महिने पडला नाही, हा आकडा बरेच काही सांगून जातो.

यावरून उत्तर सह्याद्री दरिद्री आहे असा निष्कर्ष काढला तर मोठी चूक होईल. तिथली विविधता वेगळ्या रूपात आहे. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर जांभ्या दगडावर बोटभर माती असते. जूनमध्ये तिथे पाणी साचते, ऑक्टोबरमध्ये ते आटते आणि मार्चपर्यंत दगड तापून निघतो. असल्या जागी वृक्ष तग धरत नाही. तिथे नांदतात त्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरून जाणाऱ्या वनस्पती: तेरडे, कवला, सीतेची आसवे, गेंद आणि असंख्य गवते. फक्त याच भागात सापडणाऱ्या गवतांच्या आणि छोट्या फुलझाडांच्या जातींमुळे उत्तर सह्याद्रीचे नाव वनस्पतिशास्त्रात मोठे आहे. म्हणजे एकाच डोंगररांगेत भूगोलाने दोन प्रकारची संपत्ती निर्माण केली. दक्षिणेत ती दीर्घायुषी झाडांच्या रूपाने आहे, तर उत्तरेत ती अल्पायुषी वर्षायू वनस्पतींच्या. शेतीच्या जन्माची गोष्ट या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेली आहे.

वर्षायू वनस्पतीचा हिशेब साधा आहे. उन्हाळा तिला झाड म्हणून जगून काढायचा नसतो. त्यामुळे जाड खोड, खोल मुळे, कठीण लाकूड यांवर ती काही खर्च करत नाही. मिळवलेले जवळजवळ सगळे बियांत ओतते आणि मरते. त्या बीला आठ महिने कोरड्यात पडून राहायचे असते आणि पहिल्या पावसाबरोबर झटकन उगवून शेजाऱ्यांना मागे टाकायचे असते. म्हणून तिच्यात पिष्ट आणि प्रथिने भरलेली असतात, ओल अगदी कमी असते आणि वर टणक आवरण असते. हेच गुण माणसाला धान्यात हवे असतात. याउलट सदाहरित रानातल्या बीला थांबण्याची गरजच नसते, कारण खाली पडल्याबरोबर ओली सावली तयार असते. फणसाची आठळी हातात घेऊन पाहा. ती जड आणि ओलसर असते. कोकणात आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवून पावसाळ्यात भाजीला वापरतात खऱ्या, पण पेरायची असेल तर आठळी ताजीच लागते. पूर्ण वाळली की ती मरते. आंब्याच्या कोयीचेही तेच. त्याच घरात मुगाचा दाणा डब्यात दोन-तीन वर्षे पडून राहतो आणि ओल्या फडक्यात बांधला की दुसऱ्या दिवशी मोड काढतो. साठवता येईल, वाहून नेता येईल आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या जागी पेरता येईल असे बी कोरड्या महिन्यांनीच घडवले. शेतीला लागणारी निम्मी तयारी हवामानाने माणसाच्या आधी करून ठेवली होती.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पश्चिम आशियात मिळतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून निघून दक्षिण तुर्कस्तान ओलांडून इराणच्या झाग्रोस पर्वताच्या पायथ्याशी उतरणारा जो चंद्रकोरीसारखा पट्टा आहे, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा लांब व कडक कोरडा असतो. गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा आणि जवस यांचे रानटी पूर्वज या पट्ट्यातले. मार्क ब्लमलर या अभ्यासकाने जगभरच्या गवतांतून सर्वांत मोठ्या दाण्याच्या ५६ जाती निवडल्या, तेव्हा त्यांतल्या ३२ भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि पश्चिम आशियाच्या प्रदेशात निघाल्या. १९६६ साली जॅक हार्लन हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आग्नेय तुर्कस्तानातल्या कराजदाग डोंगराच्या उतारावर गेले आणि गारगोटीचे पाते लावलेल्या जुन्या पद्धतीच्या विळ्याने त्यांनी तिथला रानटी गहू कापून पाहिला. तासाभरात सुमारे एक किलो साफ दाणा हाती आला. एखाद्या कुटुंबाने तीन आठवडे हेच काम केले तर वर्षभर पुरून उरेल एवढे धान्य जमेल, असा हिशेब त्यांनी मांडला. तीन आठवडेच का? तर डोंगराच्या पायथ्याशी गहू आधी पिकतो आणि वरच्या उतारावर नंतर. कापणारा माणूस पिकणाऱ्या दाण्याच्या मागोमाग वर चढत जाऊ शकतो. पुढे १९९७ साली आनुवंशिक अभ्यासातून एककणी गव्हाच्या शेतातल्या जातींचे सर्वांत जवळचे रानटी नातेवाईक याच कराजदागवर सापडले.

डोंगराचा हा गुण जैवविविधता आणि शेती या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे. सपाट प्रदेशात हवामान बदलले तर वनस्पतीला अनुकूल जागा गाठायला पिढ्यान्‌पिढ्या शेकडो किलोमीटर सरकावे लागते, आणि तेवढ्यात ती नाहीशी होऊ शकते. डोंगरात काही शे मीटर वर किंवा खाली सरकले तरी भागते. म्हणून हिमयुगांच्या उलथापालथीतही डोंगराळ भागांत जुन्या जाती टिकून राहिल्या, दऱ्यांनी अलग पडून नव्या जाती निर्माण झाल्या, आणि वेगवेगळ्या हंगामांना जुळलेले वाण शेजारीशेजारी नांदत राहिले. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाला हे फार लवकर उमगले. पामीर, अफगाणिस्तान असे मुलूख पालथे घालून, बियांचे नमुने जमवून त्याने १९२६ साली पिकांच्या उगमकेंद्रांची मांडणी केली, पुढे इथिओपिया, मेक्सिको, अँडीजही पालथे घातले, आणि ती केंद्रे बहुतेक उष्ण व समशीतोष्ण पट्ट्यातल्या डोंगराळ मुलखात आहेत हे दाखवले. त्याच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या. ज्या जागी पिकाचे सर्वाधिक वाण सापडतात ती त्याची जन्मभूमी असेलच असे नाही. इथिओपियात जवाची विविधता विलक्षण आहे, पण जव जन्मले दुसरीकडे. तरीही डोंगर आणि पिके यांचे जे नाते त्याने दाखवले, ते आजवर टिकून आहे.

मग प्रश्न येतो काळाचा. रानटी गहू-जव तिथे आधीपासून होते, माणूसही होता. गॅलिलीच्या सरोवराकाठच्या ओहालो या स्थळावर सुमारे २३,००० वर्षांपूर्वी माणसे रानटी जव आणि गहू गोळा करून खात होती. शेती मात्र त्यानंतर अकरा-बारा हजार वर्षांनी उभी राहिली. नुसत्या भूगोलाने शेती जन्मत असती तर एवढा उशीर झाला नसता. हवामान स्थिर नव्हते, हे या उशिराचे मला सर्वांत पटणारे कारण आहे. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या निम्म्याहूनही कमी होता, पाऊस अपुरा होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तापमान व पाऊस काही दशकांतच मोठे हेलकावे खात. आज पेरलेले पीक नातवंडांच्या काळात त्याच जागी येईल याची शाश्वती नव्हती. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हे हेलकावे थांबले आणि आपण आज ज्या उबदार, तुलनेने शांत कालखंडात आहोत तो सुरू झाला. त्यानंतर पाच-सहा हजार वर्षांच्या आत पश्चिम आशिया, चीन, मेक्सिको, अँडीज, न्यू गिनी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रदेशांत लागवड सुरू झाली. पीटर रिचरसन, रॉबर्ट बॉइड आणि रॉबर्ट बेटिंजर यांनी २००१ साली नेमका हाच मुद्दा मांडला: हिमयुगात शेती शक्यच नव्हती, नंतर ती जवळपास अटळ झाली. त्यांचा ‘अटळ’ हा शब्द मला जरा जड वाटतो, पण पहिल्या अर्ध्याला उत्तर देणे कठीण आहे.

शेती म्हणजे एका हुशार माणसाने एका सकाळी लावलेला शोध नव्हता, हेही पुराव्यातूनच कळते. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटते आणि दाणे भुईवर सांडतात. झाडाच्या दृष्टीने तेच बरोबर. शेतातल्या गव्हाची ओंबी शाबूत राहते आणि मळणीची वाट पाहते. जुन्या वस्त्यांतल्या राखेत सापडलेल्या जळक्या कणसांच्या तुकड्यांवरची खूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की हा फरक ओळखू येतो: आपोआप तुटलेल्या ओंबीची खूण गुळगुळीत, झोडपून काढलेल्या ओंबीची खडबडीत. अशा हजारो तुकड्यांच्या मोजणीतून दिसते की न सांडणाऱ्या ओंबीचे प्रमाण वाढत वाढत पूर्ण व्हायला दोन-तीन हजार वर्षे गेली. एवढ्या पिढ्या लोक पेरत होते, कापत होते, शिकारही करत होते आणि रानातून गोळाही करत होते.

दुसऱ्या खंडांकडे पाहिले तरी हाच काठ पुन्हा पुन्हा दिसतो. मक्याचा पूर्वज असलेले तेओसिंते हे गवत मेक्सिकोच्या बाल्सास नदीखोऱ्यात वाढते, आणि तिथले रान पानगळीचे, लांब कोरड्या ऋतूचे आहे; तिथल्या मक्याचा पुरावा ८,७०० वर्षांइतका जुना आहे. ज्वारीची जन्मभूमी सुदानचा गवताळ पट्टा, बाजरीची सहाराची दक्षिण कड. ॲमेझॉनचे नाव घेतले की डोळ्यांपुढे येते ते अथांग वर्षावन, पण तिथले मुख्य अन्न असलेला कसावा, ज्याच्यापासून आपण साबुदाणा करतो, तो आनुवंशिक पुराव्यानुसार त्या रानाच्या दक्षिण सीमेवरचा, म्हणजे जंगल आणि गवताळ माळ एकमेकांत मिसळतात तिथला आहे. तुरीचा सर्वांत जवळचा रानटी भाऊबंद सापडतो तो बस्तर-ओडिशाच्या पानगळीच्या रानाच्या कडेला.

आणि मूग, कुळीथ? हे आपलेच, दख्खनचे. कर्नाटकातल्या बळ्ळारी, रायचूर, यादगीर या कोरड्या जिल्ह्यांत ग्रॅनाइटच्या टेकड्यांजवळ नवाश्मयुगातले राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. गुरांच्या शेणाचे ढीग पुन्हा पुन्हा जाळल्याने ते तयार झाले. १९५०च्या दशकात शेजारच्या तेलंगणातल्या उतनूर येथे रेमंड ऑलचिन यांनी आणि पुढे बुदिहाळला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी केलेल्या उत्खननांतून त्यांचा उलगडा झाला. इ.स.पूर्व ३०००च्या सुमारास इथे गुरे राखणारे लोक होते. त्यापुढच्या हजार वर्षांतल्या थरांतून, संगणकल्लूसारख्या स्थळांवर, डोरियन फुलर आणि रवी कोरीशेट्टर यांच्या गटाने जळके दाणे वेचून काढले. त्यांत मूग, कुळीथ आणि दोन देशी बारीक तृणधान्ये ही मुख्य पिके निघाली. त्यांतले एक आजही कर्नाटकात कोरले या नावाने पिकते. यांतला रानमूग सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या पानगळीच्या रानात उगवतो, तर रानकुळीथ त्याच्याही पूर्वेच्या बाभळीच्या कोरड्या झुडुपांत. म्हणजे दोन्ही हाताशी येतील अशी जागा त्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावरच असणार. त्यात मोसमी पाऊस त्या काळात कमी होत चालला होता. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ इतका व्यापक होता की मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभावर त्याची नोंद उमटली, आणि त्यावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली आपल्या चालू कालखंडाच्या शेवटच्या भागाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. रान विरळ होत गेले, माळ वाढले, आणि वर्षायू कडधान्यांची जमीन विस्तारली. रानमुगाची शेंग वाळली की पीळ घेऊन फुटते आणि दाणे दूर उडवते. माणसाच्या हाताखाली आलेला मूग शेंगेतच थांबू लागला. दाणा ठसठशीत व्हायला मात्र आणखी बराच काळ गेला.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ओल्या उष्ण प्रदेशांतही शेती स्वतंत्रपणे जन्मली आहे. न्यू गिनीच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, कुक नावाच्या दलदलीत साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड झाल्याचे पुरावे आहेत. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याची धार आणखी वाढवता येते: जळका दाणा हजारो वर्षे टिकतो, पण कंद आणि केळीचा मोना कुजून जातो, म्हणून आपले चित्र धान्याच्या बाजूला झुकलेले असू शकते. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कंदपिकांतली पुष्कळशी कोरड्या ऋतूचीच अपत्ये आहेत. आपल्याकडचे सुरण, कोनफळ, करांदे पाहा: दिवाळीनंतर वरचा वेल किंवा पान सुकून जाते आणि उन्हाळाभर जिवंत राहतो तो जमिनीतला साठा. बीऐवजी कंदात केलेली ही तीच तरतूद. केळ आणि अळू यांना मात्र हे लागू पडत नाही. त्यांना बारमाही ओल हवी, आणि त्यांच्यापुरता माझा मुद्दा सोडावा लागतो. पण केळीवर आणि अळूवर कोठारे उभी राहिली नाहीत, कारण ती साठवता येत नाहीत. ज्या शेतीने शेतसारा, नगरे आणि राज्ये पोसली ती बहुतेक सगळी सुक्या दाण्याची होती.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. माणसाचा इतिहास भूगोलाच्या आणि हवामानाच्या खात्यावर टाकला की माणसाची बुद्धी, निवड, समाजव्यवस्था यांना काही अर्थच उरत नाही, आणि अशी मांडणी वसाहतवाद्यांनी एकेकाळी काही समाजांना मागास ठरवायला वापरली होती. जेरेड डायमंड यांच्या १९९७च्या ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ या पुस्तकावर हीच टीका झाली, वास्तविक त्यांचा हेतू नेमका वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढण्याचा होता. या आक्षेपात तथ्य आहे, आणि कॅलिफोर्निया त्याचा चांगला दाखला आहे. तिथेही हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा. मोठ्या दाण्याची गवते तिथे मोजकीच होती हे खरे, पण ओकची फळे मुबलक होती. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती साठवली, दळली, आगी लावून रान हवे तसे राखले, दाट वस्त्या केल्या आणि शेती केली नाही. त्यांना जमले नाही असे म्हणायला काही आधार नाही. त्यांना गरज पडली नाही, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. तेव्हा भूगोल आज्ञा देत नाही. तो काय शक्य आहे आणि त्यातले काय स्वस्त पडेल हे ठरवतो. त्यातून काय उचलायचे हे माणसे ठरवतात.

दख्खनच्या पुढच्या इतिहासात ही निवड फार चांगली दिसते. मूग-कुळथाच्या जोडीला इथे बाहेरची पिके आली ती दोन टोकांच्या हवामानांतून. गहू, जव आणि मसूर हिवाळी पावसाच्या पश्चिम आशियातून वायव्येकडून उतरले; ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वाल उन्हाळी पावसाच्या आफ्रिकेतून समुद्रमार्गे आले. दोन्ही इथे रुजले, कारण इथल्या वर्षात दोघांसाठी जागा होती. आफ्रिकेच्या धान्यांना मोसमी पाऊस ओळखीचा होता, म्हणून ती खरिपात बसली. गहू-जवांना थंडी हवी होती, पण इथल्या थंडीत पाऊस नसतो. ती उणीव काळ्या मातीने भरून काढली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यापासून बनलेली ही चिकण माती पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि पुढचे चार महिने ते हळूहळू सोडते. याच ओलीवर शेतकऱ्यांनी मूळच्या खरिपाच्या ज्वारीलाही रब्बीत आणले. मंगळवेढ्याची शाळू ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि जवळजवळ पावसाशिवाय, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पिकते. जमीन भूगोलाची, पण हे वाण पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले ते शेतकऱ्यांनी, आणि बी राखण्याच्या कामात बायकांचा वाटा मोठा होता.

भूगोलाची आणि माणसाची ही ओढाताण शिरूर तालुक्यातल्या इनामगावला अगदी जवळून पाहता येते. घोड नदीच्या काठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते काम उभे केले. इ.स.पूर्व १६००च्या सुमारास इथे वस्ती झाली. भरभराटीच्या काळात मोठी चौकोनी घरे होती, जव हे मुख्य पीक होते, आणि नदीचे पाणी वळवून साठवण्यासाठी कालवा व बांध घातलेला होता. हिवाळी पावसाच्या देशातले धान्य पर्जन्यछायेत पिकवायला लोकांनी पाण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली. इ.स.पूर्व १०००नंतर चित्र पालटते. घरे लहान आणि गोल होतात, शिकारीचे प्रमाण वाढते, आणि इ.स.पूर्व ७००च्या सुमारास गाव उठते. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. इतर काही अभ्यासकांना ते तेवढे सरळ वाटत नाही. पण एवढे निश्चित, की गाव एका फटक्यात मेले नाही. तीनशे वर्षे लोक पिके, जनावरे आणि रान यांचा मेळ बदलत राहिले, आणि त्यात रानातल्या विविधतेने त्यांना हात दिला.

हा आधार आजही संपलेला नाही. मुगावर पिवळा केवडा पडतो तेव्हा रोगाला दाद न देणारे गुण शोधायला पैदासकार रानमुगाकडे जातात. तुरीच्या संकरित वाणांसाठी तिच्या रानटी भाऊबंदांचा उपयोग झाला आहे. वाविलोवने बियांचा जो संग्रह लेनिनग्राडमध्ये उभा केला तो याचसाठी. स्टालिनच्या राजवटीत तुरुंगात पडून तो स्वतः १९४३ साली सारातोव येथे उपासमारीने गेला, आणि त्याच सुमारास जर्मन वेढ्यात अडकलेल्या त्याच्या संस्थेत काही सहकारी धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.

आपल्याकडे मात्र संरक्षणाचे सगळे लक्ष घनदाट जंगलाकडे आहे. सदाहरित रान वाचलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पिकांचे रानटी नातेवाईक बहुतांशी तिथे नसतात. ते पानगळीच्या रानाच्या कडेला, माळावर, सड्यावर, गायरानात, शेताच्या बांधावर असतात. या जमिनी सरकारी दप्तरात बहुधा पडीक ठरतात, देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी माळ सर्रास मोडतात, आणि औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प किंवा वृक्षारोपण करायचे म्हटले की पहिली नजर त्यांच्यावर जाते. माळावर झाडे लावणे हे तर आपण पुण्यकर्म समजतो. तिथले गवत आणि रानकडधान्ये त्या सावलीत मरतात याची दखल कोणी घेत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावाच्या नोंदवहीत जंगलातल्या झाडांबरोबर माळावरचा रानमूग, बांधावरचा रानकुळीथ, सड्यावरची गवते आणि घरोघरी राखलेले जुने बियाणे यांची नावे आहेत का, हे ग्रामसभेत विचारा. नसतील तर ती पावसाळ्यात, वनस्पती ओळखू येतात तेव्हा, जाणत्या गुराख्यांना आणि शेतकरी बायकांना बरोबर घेऊन नोंदवा. आणि माळाचे नोंदलेले तुकडे वृक्षारोपणाच्या यादीतून वगळायला लावा.